रेडा बुडाला की शिंग

"आता जे सांगतो, त्यावर तुमी कोनी इस्वास ठेवायचा नाय," धाकलू म्हणाला आणि काडीनं पायाच्या बोटांमधला चिखल उकरत राहिला.

पूर ओसरून आठवडा होत आला तरी हा चिखल बोटांतून जात नव्हता. काळा, तुपकट, वास असा की मेलेला उंदीर पेजेत शिजवावा. तंबाखूचा बार गालात धरून धाकलू म्हाताऱ्याचा जबडा आंबला होता. आबाजी पाटलांच्या सारवलेल्या ओसरीवर थुंकायची सोय नव्हती.

ओसरीवर खालापूरच्या कचेरीतले कारकून नाकाला रुमाल लावून बसले होते. शेजारी लोडाला टेकलेले आबाजी. त्यांच्या कमरेला चांदीच्या साखळीत एक चावी लोंबत होती आणि बोलताना त्यांचा हात तिच्याकडे जाई. खाली अंगणात खालच्या आळीतली माणसं उभी होती. पुढे शिंगवाला लडकू आणि त्याची बायको जना. लडकूची म्हातारी आई, अंबूबाई, त्या पुरात गेली होती. दाव्याला बांधलेली गुरं जागच्या जागी बुडाली होती. त्यांचा वास रुमालातूनही आत शिरत असावा, कारण कारकून मधूनमधून डोळे मिटत.

"विश्वासाचं मी बघतो," ते म्हणाले. "त्या दुपारी शिंग वाजलं की नाही, तेवढं सांगा."

पाताळगंगेच्या पात्रात एक काळा खडक होता, त्याला सगळे रेडा म्हणत. रेड्याची पाठ पाण्याखाली गेली की लडकूच्या घरातल्या माणसानं शिंग फुंकायचं आणि शिंग ऐकलं की आळीनं दावी कापायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवर घ्यायचं, टेकाड गाठायचं. कुणाला विचारायचं नाही. रेडा पुष्कळदा बुडे, पूर एखाद्या वेळी येई. बाकीच्या वेळी माणसं टेकाडावर भिजत बसत, एकमेकांची टिंगल करत आणि खाली येत. फुकटच्या चढणीनं कुणाचे पाय झिजले नव्हते.

मग मागल्या साली आबाजींच्या नातवाच्या बारशाला ऐन पंगतीत शिंग वाजलं. माणसं हातातला घास टाकून पळाली. पाणी काही आलं नाही. कुत्री आली आणि पंगत तीच जेवली. पुढे कितीतरी दिवस कर्जतच्या बाजारात लोक आबाजींना गाठून विचारत, "काय पाटील, पूर पोटभर जेवला का?"

तेव्हापासून शिंग आबाजींच्या माडीवर कुलपात. रेडा बुडाला तर लडकूनं येऊन सांगायचं. आबाजी ओसरीवर येणार, आभाळ बघणार आणि पटलं तर चावी काढणार. पुराच्या दुपारी लडकू धावत आला तेव्हा ते म्हणाले होते, "पाराला पाणी लागू दे, मग बघू." पाराला पाणी लागलं तेव्हा खालच्या आळीची छपरं तेवढी दिसत होती.

आता आबाजींचं म्हणणं होतं की शिंग वाजलं, आळीच आळशी, उठली नाही. लडकूचं म्हणणं, शिंग हातातच आलं नाही. शिंग पुढे कुणाच्या घरी राहायचं, ते कारकुनांच्या सांगण्यावरून ठरणार होतं आणि भादव्याचं पाणी अजून यायचं होतं. तिसऱ्या माणसाची साक्ष हवी होती. धाकलू आळीतलाच, त्या दुपारी पारावर बसलेला.

सकाळी आबाजी आपल्या गोठ्यात आले होते. धाकलूची झोपडी वाहून गेल्यापासून तो तिथेच, म्हशींच्या शेजारी पडत असे.

"जन्मभर फुकट खोटं बोललास," ते हसून म्हणाले. "आज एक कामाचं बोल. शिंग वाजलं. एवढंच. आणि पावसाळाभर रहा की इथं, कोण उठवतंय तुला?"

 धाकलूच्या खोट्यात मगरी वऱ्हाडाला जात, ठाकुरवाडीचा वाघ इंजिनाला पाणी पाजी. ते ऐकून कुणाचं वाईट झालं नव्हतं. आणि हे? दुसऱ्यानं चघळून हातावर दिलेलं, लाळेनं ओलं.

"वाजलं तर!" धाकलू आता म्हणाला.

आबाजींनी लोडावर मान टेकवली.

"थू तुज्या तोंडावर, धाकलूबाबा!" जना अंगणातून ओरडली. "माज्या सासूच्या हातचं कालवण वरपून खाल्लंस ना रं? त्याच तोंडानं?"

"जने, गप गं. गोष्टीच्या मधी बोलू नये." धाकलूनं तिच्याकडे बघितलं नाही. "तर रावसाहेब, रेडा बुडाला. एक खेकडा निघाला पाण्यातनं, हा एवढा, बैलगाडीएवढा. देवळात गेला नि घंटा वाजवून आला. आमची एक म्हस पवत पवत वर घाटात गेली, उलटी, पाण्याच्या इरोधात. आनि मग शिंग! पळसदरीच्या ठेसनात मास्तरला वाटलं गाडीच आली. बावटा घेऊन धावला बिचारा."

अंगणात कुणीतरी नको असताना हसलं.

"खेकडा राहू द्या," कारकून म्हणाले. "शिंग तर इथे माडीवर असतं म्हणतात. ते लडकूच्या हातात कसं गेलं?"

"तीच तर खरी गंमत हाय." धाकलूनं काडी टाकली. "आबाजी झोपलेले. पाटीलमानूस, झोप पन पाटलाची. लडकू दारात रडतोय. तवा पाटलीनबाई, आमच्या चंद्रावयनी, आल्या भायेर."

आबाजींची मान लोडावरून उठली.

"वयनी म्हनाल्या, कशाला रं रडतोस? मंग ह्यांच्या कमरेची चावी काढली..."

"धाकलू," आबाजी म्हणाले.

"...काढली नि म्हनाल्या, ने रं बाबा शिंग. ह्यांना काय विचारायचं? ह्या घरात ह्यांचं ऐकतंय कोन?"

अंगणात आता दबलेलं हसू पसरलं. माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या. कारकुनांनी रुमाल नाकावरून तोंडावर घेतला.

"धाकलू, पुरे."

"पुरे कसं, आबाजी? खरं ते सांगायला नको?" धाकलू कारकुनांकडे सरकला. "अवो, नेहमीचंच हाय ते. चावी निसती शोभेची. कोनीबी यावं, वयनींना सांगावं, शिंग न्यावं. गनपतीत पोरं वाजवतात. मागं हिरूची गाय हरवली तवा..."

"खोटं!" आबाजी उभे राहिले. लोड घरंगळून अंगणात पडला. "साफ खोटं! ही चावी त्या दिवशी माझ्या कमरेची हलली नाही. अंघोळीलासुद्धा काढत नाही मी. माझ्या सांगण्याबाहेर शिंग माडीवरून उतरेल? कुणाची छाती आहे? उतरलंच नाही ते! हात लागला नाही कुणाचा!"

कारकुनांनी रुमाल हळूच घडी करून मांडीवर ठेवला.

धाकलू गुडघ्यावर हात टेकून उठला, ओसरीच्या कडेपर्यंत गेला आणि सकाळपासून गालात धरलेलं सगळं एकदाचं थुंकला.