दगाबाज म्हणे मी!

मी एक जुना, लाल काचेचा तापदिवा आहे. पुस्तकात मला इन्फ्रारेड दिवा म्हणतात, पुलगावात नुसतं बल्ब म्हणत. १९७६ साली रूपराव मिस्त्रीने मला नागपूरहून आणलं आणि आपल्या विजेच्या मोटारी भरायच्या दुकानात साखळीने टांगलं. जळक्या मोटारीत नवी तांब्याची तार भरायची, ती थिनर घातलेल्या वार्निशात बुडवायची आणि माझ्या खाली वाळवायची, हे आमचं काम.

मित्रांनो, वाळवणं काही सोपं नसतं बरं का! आधी मला दोन हात उंच ठेवायचं. हलक्या उबेने थिनर हळूहळू उडून जातं. घाई केली, तर वार्निशवर आधीच साय धरते आणि थिनर आत कोंडून राहतं; मग मोटार चालवली की तार पुन्हा जळते. म्हणून रूपराव तारेला नाक लावून बघायचा. वास गेला, की मगच मला खाली घ्यायचा. "आपला बल्ब म्हंजे सोनं हाये," असं गिऱ्हाइकांना सांगायचा. मी फुलून जायचो. खुळा कुठला!

१९८३ साली प्रमिलाबाईंनी पिठाच्या गिरणीची मोटार आणली. एकट्या बाईचं सगळं घर त्या गिरणीवर चालायचं. त्या दिवशी रूपरावला केळझरला साल्याकडे जेवायला जायचं होतं. त्याने मला पहिल्यापासूनच वीतभर अंतरावर आणलं. नाक लावलंच नाही. वरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "वाळली!" अरे, आत ओली होती ती! पण मला कुठलं तोंड?

तिसऱ्या दिवशी मोटार जळली. प्रमिलाबाई आल्या.

"काऊन जळली जी, मिस्त्री? तुमीच भरली ना?"

रूपरावने माझ्याकडे बोट केलं. "मी काय करू, बाई? हा बल्बच दगाबाज निघाला. बराबर ताप देऊनच नाई राह्यला."

सात वर्षं राबलो त्याच्यासाठी! आणि हा माणूस असं बोलला!

"मंग फेका ना त्याले," बाई म्हणाल्या.

त्याने मला भंगाराच्या पेटीत टाकलं आणि नवा दिवा टांगला. तोही वीतभर अंतरावरच. त्याखाली बाईंची मोटार पुन्हा भरून ठेवली. मोटार नेताना बाई म्हणाल्या, "बरं झालं, मिस्त्री, तुमी खरं सांगतलं."

मित्रांनो, हातून चूक झाली तर सरळ 'माझी झाली' म्हणा. मी भंगारात पडलो त्याचं एवढं वाईट वाटत नाही. पण त्या बाईची गिरणी पुन्हा बंद पडेल, आणि तेव्हा तो त्या नव्या दिव्याचं नाव घेईल.