घंटा थांबली की दार बंद

सभागृहाच्या दारावर एकतीस वर्षं उभ्या असलेल्या माणसाला सगळे काका म्हणत, मंत्रीसुद्धा. मंत्री येत, मिरवत, पडत. काका आपले जागच्या जागी. काम सोपं होतं. मतदानाची घंटा आठ मिनिटं वाजायची. ती थांबली की दार लावून अडसर घालायचा. मग बाहेर साक्षात पंतप्रधान राहिला तरी तो बाहेरच. एकदा राहिलाही होता.

आज मात्र काका सकाळपासून तिसऱ्यांदा तोच अडसर पुसत होते. परदेशांना दिली जाणारी मदत थांबवायची आणि निम्म्या वकिलाती बंद करायच्या, असा सरकारचा ठराव होता. काकांची धाकटी लेक त्याच मदतीवर चालणाऱ्या, दूर देशातल्या बाळांच्या दवाखान्यात नर्स होती. सकाळीच तिचा फोन आला होता. "बाबा, ठराव झाला तर इथे कुलूप लागेल. मी येईन हो घरी, पण काचेच्या पेट्यांतल्या या अकरा जणांना कुठे नेऊ?"

विरोधकांची सगळी भिस्त एका मतावर होती. टाचणीबाई आल्या तर ठराव पडणार, नाही आल्या तर तरणार. बाईंचं वय ब्याऐंशी, उभा जन्म वकिलातींत गेलेला. मंत्र्यांना नेमकं टोचायच्या म्हणून हे नाव पडलं. खुब्याचं ऑपरेशन होऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते.

घंटा वाजू लागली. माणसं आत शिरली, काकांचे डोळे जिन्याकडे. लिफ्ट नेमकी आजच बंद, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! सातव्या मिनिटाला बाई जिन्याच्या तोंडाशी दिसल्या. काठी, पाऊल, श्वास. काठी, पाऊल, श्वास.

तेवढ्यात सत्ताधारी बाकांवरचे गिरणीवाले शेठ धापा टाकत आले. त्यांचं नि बाईंचं वीस वर्षांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. उंबरठ्यावर पाय ठेवून त्यांनी मागे पाहिलं आणि तिथेच थबकले.

घंटा थांबली.

बाई अजून पंधरा पावलांवर होत्या. काकांचा हात दारावर होता, पण दार लोटवेना. पंधराच तर पावलं! दार लावा म्हणायचं सोडून शेठही उंबरठ्यावरून बघत होते.

बाई थांबल्या. "काका, घंटा थांबली ना?"

"या हो तुम्ही. मला हल्ली कमीच ऐकू येतं."

"वा! एकतीस वर्षांत बरे आजच बहिरे झालात. लावा दार."

"बाई, माझी पोरगी तिकडे..."

"ठाऊक आहे मला. त्या दवाखान्याच्या करारावर माझीच सही आहे. तेव्हा त्या लोकांना सांगितलं होतं, आमच्याकडे दिलेला शब्द पाळतात. आज माझ्यासाठी दार उघडं ठेवलंत, तर कुठल्या तोंडाने सांगू पुन्हा? लावा."

बाई एक पाऊलही पुढे आल्या नाहीत. या दारातून थोर म्हणवणारी शेकडो माणसं गेली होती. थोर माणूस ते आज पाहत होते. शेठ खाली मान घालून आत गेले. काकांनी दार लावलं, अडसर घातला आणि बाहीने डोळे पुसले.

मग बाईंना धरून त्यांनी दाराजवळच्या बाकावर बसवलं. वर भिंतीवरचा स्पीकर खरखरत होता. काकांनी मनातल्या मनात लेकीची माफी मागून टाकली.

"ठराव फेटाळण्यात आला आहे," स्पीकर म्हणाला.

"चुकून बोलले असतील," बाई पुटपुटल्या. "आमची तर मोजून माणसं. मग कोण?"

काकांनी अडसर काढला. पहिले बाहेर आले ते शेठ, एकटेच. मागून त्यांच्याच पक्षाचे लोक शिव्या घालत होते. ते बाईंसमोर आले आणि शाळेत उभं केल्यासारखे उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं मत देऊन आलो."

टाचणीबाईंना टोचायला एक शब्द सापडेना. त्यांनी बाकावरची काठी उचलली आणि शेठना बसायला जागा करून दिली.