झाकणाला गाल लावणारे तात्या

मी एक जुना लोखंडी डबा आहे. कोळवणच्या कोंडिबांची लेक राजाबाई ज्या वैशाखात सासरी गेली, त्याच १९९७ साली पौडच्या लोहाराने मला रुखवताच्या लाडवांसाठी घडवले. माझे झाकण इतके घट्ट की उघडायला पहार लावावी लागली. लाडू टोपलीतून गेले आणि मी मागे राहिलो.

तीन वर्षांनी कोंडिबांची पुतणी शुभांगी माझ्यात भाताचा तूस भरून मला जाळावर ठेवू लागली. ती तेव्हा नववीत होती आणि कोंडिबांना तात्या म्हणायची. तुसाचा कोळसा करायचा तिला ध्यास होता.

"तात्या, सगळी राख झाली!"

"व्हणारच. तापल्यालं झाकण काढलंस, वारा आत शिरला."

कोंडिबांनी तरुणपणी कोळशाच्या भट्ट्या लावल्या होत्या. त्यांनी माझ्या झाकणाला खिळ्याने भोक पाडले. "धूर थांबला की भोक मातीनं लिंपायचं. मग झाकणाला गाल लावायचा. गार लागलं तरच उघडायचं."

कोंडिबांच्या पत्नी धोंडाबाई चुलीपाशी हसायच्या, "माज्यापरीस त्या डब्याचे लाड लई!"

मित्रांनो, त्या काळ्या भुकटीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पहिले बक्षीस मिळाले. शुभांगी पुण्याला शिकायला निघाली, तेव्हा म्हणाली, "तात्या, मोठी झाले की सगळ्यांना तुमचं नाव सांगेन."

ती गेल्यावरही कोंडिबा मला अधूनमधून जाळावर ठेवत. ती खरेच मोठी झाली. परदेशात राहून तिने तुसापासून बॅटरीत घालायचा कार्बन केला. २०२३ साली गावच्या शाळेत तिचा सत्कार ठरला. कोंडिबांनी मला राखेने घासले आणि पोत्यात घालून नेले.

"शुभे, वळखलंस का ह्याला?"

"तात्या, आत्ता नको. लोक बघतायत. बाहेर ठेवा ना तो."

मी दाराशी राहिलो. कोंडिबा शेवटच्या बाकावर बसले. गुरुजींनी विचारले, "हे काम पहिल्यांदा कुठं शिकलात?"

"परदेशात," ती म्हणाली. "इथं शिकवणारं कोणीच नव्हतं."

टाळ्या झाल्या. कोंडिबांनीही वाजवल्या.

घरी धोंडाबाईंनी विचारले, "घेतलं का पोरीनं तुमचं नाव?"

"व्हय. दोनदा घेतलं."

मी पोत्यातून सगळे ऐकत होतो. त्यानंतर त्यांनी मला कधी जाळावर ठेवले नाही. आता माझ्यात कोंबड्यांचे पाणी असते. मी तळातून गंजलो आहे.

मित्रांनो, मला घासू नका, रंगही देऊ नका. ज्याने शिकवले त्याचे नाव घ्या, आणि त्याच्या कानांवर पडेल तेव्हाच घ्या.

कोंडिबा २०२४ च्या माघात, एका सोमवारी सकाळी वारले.