ऐकीव माहिती

इंगवले सरांनी कोष्टकावर लाल पेनने बरोबरची खूण केली आणि कागद विद्याश्रीकडे सरकवला. एम.फिल.ला लागल्यापासून तिच्या कुठल्याच कागदावर अशी खूण पडली नव्हती. आज पडली, ती नेमकी नको तिथं.

"स्वच्छ निष्कर्ष आहे," सर म्हणाले. "यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांना ऐकण्याचा त्रास नाही. तुमचं गृहीतक पडलं. पडू दे. गृहीतक पडणं हाही निष्कर्षच."

"सर, पण त्यांना ऐकू येत नाही."

"कोष्टक तर येतं म्हणतंय."

"मला प्रत्येक प्रश्न ओरडून विचारावा लागला, सर. एका बाईला विचारलं, ऐकायला काही त्रास होतो का, तर म्हणाली, दोन पोरी आणि एक पोरगा."

सरांना हसू आलं, पण त्यांनी ते चहाच्या कपात बुडवलं. "तुम्ही ओरडलात ते कुठल्या रकान्यात बसतं?"

विद्याश्रीनं कोष्टक उचलून पिशवीत ठेवलं.

दोन हजार तीन सालचा तो उन्हाळा तिनं कोल्हापूर-इचलकरंजीच्या एसटीत घालवला होता. मंगळवार पेठेत तिच्या वडिलांचं, चनबसाप्पांचं, पेंडीचं दुकान. मुलगी नेमकं काय शिकते ते त्यांना पाव्हण्यांना कधी नीट सांगता आलं नाही. "बायकास्नी प्रश्न इचारती," एवढंच ते सांगत, आणि पाव्हणे "बरं बरं" म्हणून दुसरा विषय काढत. शेडमध्येही थोडंफार तसंच झालं. शेडचा कारभार बघणाऱ्या दिवाणजीनं परवानगी दिली ती एका अटीवर. "काय इचारायचं ते माझ्या म्होरं इचारा." मागांच्या खडखडाटात ती घसा ताणून विचारत राहिली, बायका दिवाणजीच्या तोंडाकडं बघून मान हलवत राहिल्या, आणि तिचं पेन 'नाही'च्या चौकोनात खुणा करत राहिलं. त्याचं ते कोष्टक.

एम.ए.च्या परीक्षेत संख्यात्मक आणि गुणात्मक पद्धतींतला फरक तिनं असा काही लिहिला होता की वर्गात वाचून दाखवला गेला. एका रकान्यात संख्या, दुसऱ्यात बोलणं. संख्येनं 'किती' कळतं, बोलण्यानं 'का' कळतं. एकीत पसारा, दुसरीत खोली. आता पसाऱ्यानं तोंडघशी पाडलंच होतं, तर खोलीत उतरून बघावं म्हणून तिनं सरांकडं मुलाखतींची परवानगी मागितली.

"घ्या. परिशिष्टात टाकू," सर म्हणाले.

पहिली मुलाखत कांडीवाल्या रोशनबीची. शेडच्या मागच्याच गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा मीरासाब गाद्या भरायचा, त्यामुळं दारात सदा कापूस उडत असे. विद्याश्रीनं मैत्रिणीकडून मागून आणलेला टेपरेकॉर्डर मध्ये ठेवला. रोशनबी मोकळेपणानं बोलली. माहेराबद्दल बोलली, पहिल्या पगाराबद्दल बोलली, मीरासाबच्या दम्याबद्दल तर टेपची एक बाजू संपेपर्यंत बोलली. कानाचा विषय निघाला की मात्र गाडी रुळावरून खाली.

"माझं कान खणखणीत हाईत बघा," ती म्हणायची. "त्या शांतव्वाला इचारा की. तिच्या कानाशी ढोल बडवला तरी मान वळवत न्हाय ती."

हे चाललेलं असताना तिची मुलगी सुहाना आईला खेटून बसलेली असे. विद्याश्रीनं प्रश्न विचारला की सुहाना आईच्या गुडघ्याला हात लावी, आई तिच्याकडं बघे, सुहानाचे ओठ हलत, मग उत्तर येई. डोळ्यांना दिसत होतं ते टेपला दिसत नव्हतं. टेपवर फक्त खणखणीत कान होते.

विद्याश्री शांतव्वाकडं गेली. शांतव्वा चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "मला? मला काय धाड भरलीया? रोशनबीला जाऊन इचारा जावा." तिसरीनं चौथीचं नाव सांगितलं, चौथीनं दुसरीचं. असं करता करता शेडमधल्या कांडीवाल्या जवळजवळ सगळ्याच बहिऱ्या निघाल्या, आणि तरी एकजणही बहिरी नव्हती.

विद्याश्रीला हे सापडलं तेव्हा ती एसटीत उभ्या उभ्याच मोहरली. कुणी स्वतःचं सांगत नाही, पण दुसरीचं सगळ्या सांगतात. म्हणजे बोलण्यातूनच आकडाही मिळत होता. दुसऱ्या दिवशी विभाग उघडायच्या आधीच ती सरांच्या दारात उभी.

सरांनी शांतपणे सगळं ऐकलं. मग म्हणाले, "विद्याश्री, ही ऐकीव माहिती झाली."

"बहिऱ्यांची ऐकीव, सर," ती बोलून गेली.

सरांना ते आवडलं नाही. "पुरावा आणा. नाहीतर ते पहिलं कोष्टक आहेच."

मग तिनं पुराव्याचाच घाट घातला. मैत्रिणीचा थोरला भाऊ कोल्हापुरात कानाचा डॉक्टर होता. रविवारी दवाखाना बंद असताना यंत्रावर सगळ्यांचे कान फुकट तपासून द्यायला तो तयार झाला. विद्याश्री घरोघर सांगत फिरली. "येतो की," रोशनबी म्हणाली. "येतो की," शांतव्वा म्हणाली. रविवारी विद्याश्री सकाळपासून दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. डॉक्टरनं दोनदा बाहेर डोकावून पाहिलं, मग जेवायची वेळ झाली तसं कुलूप लावलं. एकही बाई फिरकली नव्हती.

सोमवारी ती इचलकरंजीला गेली ती आतून धुमसतच. लोडशेडिंगमुळं माग बंद होते. एरवी ज्या गल्लीत शेजारच्याचं बोलणं कळत नसे ती त्या दुपारी चिडीचूप होती. रोशनबी उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती.

"काल का आला नाही?" विद्याश्रीनं विचारलं.

"आं?"

"काल! का नाही आला?"

"काल व्हय? काल भाजी केलती की दोडक्याची."

विद्याश्रीचा तोल गेला. महिन्याभराचा घसा, एसटीचे धक्के, सरांची लाल खूण, ती दवाखान्याची पायरी, सगळं एकदम वर आलं. "तुम्हाला ऐकू येत नाही! एवढं कबूल करायला तुमचं काय जातं?"

रोशनबीला ऐकू जावं म्हणून ती जितक्या जोरानं ओरडली होती तितकं ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. नळावरच्या बायका घागरी धरून वळल्या. समोरच्या माडीवरून कुणीतरी वाकून बघितलं.

सुहाना आतून धावत आली आणि तिनं विद्याश्रीला दंडाला धरून घरात ओढलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दीदी, काय केलं हे? कागलचं स्थळ आलंय मला. मुलाची आई दोनदा विचारून गेली, घरात कुणाला काही दुखणं आहे का म्हणून. अम्मीचे कान शेडनं नेले, पण लोक म्हणणार, यांच्या रक्तातच आहे. आणि दिवाणजीच्या कानावर गेलं तर? मागं दोघींना काढलं त्यानं. हाक मारली तर ऐकत नाहीत म्हणून."

रोशनबी दारात उभी राहून लेकीच्या ओठांकडं बघत होती. मग ती आत आली, खाली बसली आणि तांदळाचं सूप मांडीवर घेतलं.

"कमी येतंय," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा हळू होता, आणि तो किती हळू आहे हे तिला कळत नसावं. "शेडमधी आत गेलं की सगळ्या सारख्याच, कुणालाच काय ऐकू येत न्हाय. भाईर आलं की कळतं. ही पोरगी न्हेमी जवळ असती म्हणून भागतंय. ऐकलंसा न्हवं? पर लिवू नगा."

इतके दिवस जे वाक्य हवं होतं ते समोर पडलं होतं, आणि उचलायची सोय नव्हती. "नाही लिहिणार," ती शेवटी म्हणाली. रोशनबी "आं?" म्हणाली, आणि सुहानानं आईच्या गुडघ्याला हात लावला.

सर मात्र चिडले. "नावं बदला की. हा काय मोठा प्रश्न आहे?"

"सर, शेड एक आहे. कांडीवर बायका मोजक्या. दिवाणजीला नावं लागत नाहीत."

"मग मुलाखती काढा, कोष्टक ठेवा."

"कोष्टक खोटं आहे, सर."

"आणि खरं तुम्ही लिहिणार नाही." सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे ना संख्या, ना बोलणं. लघुप्रबंधात छापायचं काय?"

तिनं पद्धतींच्या प्रकरणात लिहून पाहिलं. प्रश्न कुठं विचारला, तेव्हा शेजारी कोण उभं होतं, खरं उत्तर दिल्यावर कुणाचं काय जाणार होतं. प्रश्नावली असो की मुलाखत, आधी हे बघायला हवं होतं, असं लिहिलं. गल्ली, दिवाणजी, कागल, यांतलं काहीही न सांगता लिहिलं. सरांनी सगळ्या पानांवर एक तिरकी रेघ ओढली. "हे आत्मकथन झालं. दोन्ही पद्धतींची तुलना द्या, पुस्तकात असते तशी." मुदत संपत आली होती. तिनं ऐकण्याचं प्रकरणच वगळलं, पगार, कामाची पाळी आणि पाठदुखी ठेवली, आणि दात-ओठ खात परीक्षेतलं जुनं उत्तर टाईप करायला दिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी पानं चाळली आणि भुवया वर केल्या. "यंत्रमागावर प्रबंध, आणि आवाजाचा, कानांचा उल्लेखच नाही?"

"विचारलं होतं, सर."

"मग?"

"उत्तर मिळालं. मांडता आलं नाही."

"मांडता येत नाही म्हणजे पद्धत चुकली."

"कुठली, सर?" तिनं विचारलं. खोचकपणे नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. परीक्षकांनी इंगवले सरांकडं पाहिलं, सरांनी खिडकीकडं. श्रेणी 'ब' मिळाली. अभिप्रायात लिहिलं होतं की संशोधिकेने एका महत्त्वाच्या पैलूकडे दुर्लक्ष केले आहे.

दिवाळीनंतर ती एकदा इचलकरंजीला जाऊन आली. रोशनबीच्या दाराला कुलूप होतं. शांतव्वानं बसा म्हटलं नाही, पण उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कागलचं स्थळ मोडलं. नंतर मिरजेकडचं जमलं, लग्नही झालं. रोशनबी आता दुसऱ्या शेडला जाते, लांबच्या.

"माझ्यामुळं मोडलं का हो ते?" विद्याश्रीनं विचारलं.

"आं?" शांतव्वा म्हणाली.

तिला खरंच ऐकू गेलं नव्हतं की तिला उत्तर द्यायचं नव्हतं, हे विद्याश्रीला कळेना. ओरडून पुन्हा विचारायची तिची छाती झाली नाही. ती स्टँडवर आली तेव्हा कोल्हापूरची गाडी नुकतीच सुटली होती. दुसरी कधी आहे ते खिडकीवरचा माणूस नीट सांगेना, तशी ती त्याच्यावरच खेकसली.