सगळ्यांना एकच पत्र

पत्रवाटपाची ती सहावी संध्याकाळ होती आणि सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. नाव मौनी महाराज, पण तोंडाची टकळी थांबेल तर शपथ! एकेकाच्या हातावर बंद पाकीट ठेवत ते बजावत होते, "हे तुझ्या एकट्याचं आहे. कुणाला दाखवलंस, तर अक्षरं खोटी ठरतील!" पाकीट फोडून लोक ढसाढसा रडत होते. "माझ्या मनातलं यांना कळलं कसं हो?"

मी मागे उभी राहून धुमसत होते. महाराज म्हणजे नाटकातला नट, आणि त्याला तिथे बसवणारा माझा सख्खा धाकटा भाऊ, मानसशास्त्राचा प्राध्यापक. माणसं बुवांना का भुलतात, याचा म्हणे अभ्यास. सभागृहाची किल्ली मीच मिळवून दिली होती, हेही कबूल करते.

मी दवाखान्यात औषधं देते. शिंपीणकाकू फिट येण्यावरच्या गोळ्या न्यायला ठरल्या दिवशी येतात. या वेळी चार दिवस उलटले, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांच्या घरी गेले. काकू नातीला कडेवर घेऊन जिना उतरत होत्या.

"काकू, गोळ्या?"

"सुटल्या गं बाई! पहिल्याच दिवशी मिळालेल्या पत्रात आलंय. 'ज्याचा आधार तुम्ही आजवर घेतलात, त्याची आता गरज नाही.' मला गोळ्यांशिवाय दुसरा कसला आधार?"

आधी नातीला मी माझ्याकडे घेतलं.

भावाला कॉलेजात गाठलं. "आज सगळं सांगून टाक."

"ताई, फक्त दोन आठवडे! आत्ता फोडलंस तर वर्षाची मेहनत पाण्यात. यातून हजारो लोक वाचतील गं. आणि गोळ्यांचं मी कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलंस. म्हणून तर ती रिकामी जागा त्यांनी गोळ्यांनी भरली."

"मग काकूंना हळूच सांग ना."

"आणि बाकीच्या दोनशे जणांनी काय सोडलंय, ते तुला ठाऊक आहे?"



संध्याकाळी मी सरळ व्यासपीठावर चढले. "आपापलं पत्र शेजाऱ्याला वाचायला द्या!"

"अहो, खोटी ठरतील अक्षरं!" कुणीतरी ओरडलं.

"ठरू देत!"

कागद हलले, मग सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शब्दन् शब्द तोच. कुणी 'आधार' म्हणजे नवरा समजलं होतं, कुणी नोकरी. अर्थ ज्याचा त्याने घातला होता. महाराजांना कुणाच्या मनातलं काडीचंही कळलेलं नव्हतं.

भाऊ उठला आणि त्याने सगळं सांगितलं. शिव्यांचा भडिमार झाला. काकू मात्र शांतपणे पुढे आल्या.

"मला आधी विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं, तर प्रयोग फसला असता, काकू."

"फसू द्यायचा. माझी नात जिन्यावरून पडली असती, तर ते तुझ्या वहीत कुठल्या रकान्यात लिहिणार होतास?"

भावाने मान खाली घातली. मला त्याची दया आली, पण काकूंना मी थांबवलं नाही.

म्हणून सांगते, कुणी चमत्कार दाखवला तर तो पडताळून बघा. आणि कुणी म्हणाला, तुमच्या भल्यासाठीच फसवलं, तर त्यालाही तोंडावर विचारा: माझं भलं मला न विचारता ठरवणारा तू कोण?