उधाणाच्या दिवशी उघडलेली ताडपत्री

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. 'जुनी' हा शब्द मी स्वतः वापरलेला चालतो. दुसऱ्याने वापरला की मला राग येतो. केळव्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांपुढे ओढून ठेवलेली मी तुम्हाला दिसले असेन. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे माझ्या नाळेला, म्हणजे पुढच्या उंच टोकाला, टेकून फोटो काढतात आणि माझं नावही विचारत नाहीत. माझं नाव जयलक्ष्मी.

सागाच्या फळ्या जोडून आणि त्यांच्या फटींत कापूस अन् राळ ठासून सुताराने मला घडवलं. माझा धनी कमलाकांत तांडेल याने नारळ वाढवून मला पाण्यात सोडलं. मग काय विचारता! बोंबील, मांदेली, कोलंबी, किती म्हणून मी वाहून आणली. धन्याची बायको नलू टोपली घेऊन वाळूवर उभी असायची. "आमची जयलक्ष्मी कदी रिकामी येत नाय," असं ती चारचौघींत सांगायची. ते खरं नव्हतं, पण ऐकायला गोड वाटायचं.

आमच्याकडे एक रीत आहे. होडी पाण्यात ढकलायला किंवा वाळूवर ओढायला एका घरची माणसं कधीच पुरत नाहीत. किनाऱ्यावर जो असेल तो येऊन दोराला हात लावतो. त्याला कोणी बोलावत नाही आणि नंतर कोणी आभारही मानत नाही. काल कडाक्याचं भांडण झालेलं असलं, तरी आज हात लावायचाच.

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. तेव्हा मी ताडपत्री पांघरून पडून राहते. एका साली शेजारच्या होडीच्या इंजिनाचं सामान चोरीला गेलं, म्हणून घरोघरच्या मुलांनी होड्यांची राखण करायची असं ठरलं. माझ्या धन्याचा पोरगा दर्पण नुकताच दहावी झाला होता. आईबापाला बरंच वाटलं. बोईसरला भटकण्यापेक्षा पोरगा होडीवर डोळ्यांसमोर राहील, असं ते म्हणाले. डोळ्यांसमोर! माझ्या ताडपत्रीखाली कोणाचे डोळे पोचणार होते?

आधी दर्पण नुसता मोबाइल बघत पडायचा. मग पाहुण्यांनी वाळूत टाकलेल्या बाटल्या तो आणि त्याचा मित्र मितेश भंगारासाठी गोळा करू लागले. काहींच्या तळाशी थोडी दारू उरलेली असायची. पहिला घोट मितेशने हसत घेतला, दुसरा दर्पणने नाक मुरडत. पुढे मितेशला त्याच्या मामाने शिकायला वसईला नेलं आणि दर्पण एकटा पडला. एकट्या माणसाचे घोट मोठे होतात. मग बोईसरचा एक पोरगा त्याला गांजाच्या पुड्या आणून देऊ लागला. मासळीच्या वासात जन्म काढलेली मी, पण तो धूर मला सोसवेना. दर्पणचं जेवण तुटलं, डोळे लाल दिसू लागले. घरी मात्र कौतुक चालू होतं. "आमचा दर्पण दिवसभर होडी सोडत नाय," नलू सगळ्यांना सांगायची. मला ओरडावंसं वाटे. पण होडीला नाळ असते, जीभ नसते.

अमावास्येच्या उधाणाला एके दिवशी वाऱ्याची साथ मिळाली. भर दुपारी पाणी माझ्या बुडाला लागलं. "होड्या वर घ्या रे!" अशी आरोळी उठली आणि सगळी आळी धावली. माझा दोर माझ्याच पोटात होता. तो काढायला नलूने ताडपत्री उचलली. खाली दर्पण निपचित पडला होता. तोंडाशी ओकारी, कुशीत बाटली. लाटांनी काठावरून आत फेकलेलं पाणी त्याच्या गालाला लागत होतं.

कमलाकांतने ताडपत्री तिच्या हातातून हिसकावली. "झाक गो! लोक बगतील. आदी होडी वर घेऊ, मंग बगू."

नलूने ती पुन्हा खेचली. "बगू देत! होडी ओढायला सारी आळी लागते, मंग पोराला ओढायला मी येकटी कशी पुरू? हेमांगी, धाव गो! माझ्या दर्पणला हात लावा!"

हेमांगी म्हणजे आमची शेजारीण, गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई. तिने श्वास पाहिला, दर्पणला कुशीवर वळवलं आणि रिक्षा आणायला माणूस पिटाळला. दोर धरलेली सगळी माणसं दोर टाकून त्याच्याकडे आली. मी तशीच पाण्यात राहिले. लाटेने माझी एक फळी निखळली. जन्मात पहिल्यांदाच मी कुरकुर केली नाही.

पालघरला रुग्णालयात दर्पण शुद्धीवर आला. ही हकीकत मला माझ्या आडोशाला जाळी विणणाऱ्या बायकांकडून कळली. कमलाकांतने हात उगारला होता म्हणे. तेव्हा दर्पण एवढंच बोलला, "तुमी पन घेता ना, बाबा. थंडी वाजते म्हनून." तो हात हळूच खाली आला.

लोकांनी नावं ठेवली का? ठेवली की! पण नावं ठेवणारेच दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. मग आणखी काही आयांनी हेमांगीला हळूच विचारलं, "आमच्या पोराकडं बी बगशील?" आता एकटं पोर राखणीला बसत नाही. होडीवर बाटली न्यायची नाही, असं सगळ्या होड्यांच्या तांडेलांनी, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्यांनी, नारळी पुनवेला दर्यासमोर कबूल केलं. सगळ्यांत आधी माझा धनी पुढे झाला. हेमांगी दर्पणला नेमाने समुपदेशकाकडे नेत राहिली. मध्ये एकदा त्याचा पाय घसरला. कोणी मारलं नाही, कोणी लपवलंही नाही. पुन्हा नेलं.

परवाची गोष्ट. नलू बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होती. पलीकडे पाहुण्यांची पार्टी रंगली होती. दर्पण तिकडे बघत उभा राहिला, बराच वेळ. माझ्या जिवात जीव नव्हता. मग तो वळला आणि सगळ्या बायकांसमोर, आवाज न दाबता म्हणाला, "आये, आज लय ओढ लागलीय. मला येकट्याला सोडू नको."

नलूने हातातले बोंबील खाली टाकले. आजूबाजूच्या बायकाही उठल्या. त्याला मध्ये घेऊन त्या घराकडे चालू लागल्या. बोंबील कावळ्यांनी नेले. नेऊ देत! इतकं हलकं मला भर समुद्रातही कधी वाटलं नव्हतं.

मित्रांनो, मला रंग द्या, माझ्या फटी बुजवा, असं मी आज मागणार नाही. तुमच्या घरातलं किंवा शेजारचं एखादं पोर असं अडकलं असेल, तर अब्रूपायी त्याला झाकू नका. आणि तुम्हीच अडकला असाल, तर दर्पणसारखं मोठ्याने सांगा. माणसं हातातलं काम टाकून उठतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.