मुंगीची साक्ष

"पुन्हा म्हण," परात घासता घासता मावशी म्हणाली. "आणि 'आई वारली' म्हणताना खाली बघायचं. भिंतीकडे नाही."

मुंगीने खाली बघितलं. "माझी आई खोकून खोकून वारली. शेवटी तिने माझा हात धरला होता. ती म्हणाली, बाळा, देवबाप तुला टाकणार नाही."

"हात धरला होता म्हटलं की थांबायचं. मनात तीन मोजायचे."

"का?"

"लोकांना रडायला वेळ लागतो."

मुंगी आठ वर्षांची, बालगृहातल्या चाळीस मुलांपैकी एक. मावशी तिथली स्वयंपाकीण. सगळी मुलं तिला मावशी म्हणत आणि मुंगीही मावशीच म्हणे. खरं तर ती मुंगीची सख्खी आई होती. हे त्या दोघींखेरीज फक्त बालगृह चालवणाऱ्या मोठ्या बाईंना ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर पोरीला घेऊन ती या दारात आली, तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "स्वयंपाकाला बाई हवीच आहे. पण मुलं आम्ही अनाथच घेतो, दात्यांचा नियम आहे. हिचं कोणी असेल तर बसत नाही. नसेल तर बसतं. विचार करून सांगा." बोट धरून उभ्या असलेल्या पोरीसमोर ती म्हणाली, "कोणी नाही हिचं." पोट भरलेल्या माणसांनी यावर खुशाल काय ते बोलावं. पहिल्याच आठवड्यात मुंगीने जेवताना चुकून 'आई' अशी हाक मारली, तर मागे कोठीच्या खोलीत नेऊन तिने पोरीच्या थोबाडीत दिली. पोर हुशार. पुन्हा चुकली नाही, दोघीच असतानासुद्धा नाही.

वर्षातून एका रविवारी दाते भेटीला येत. उपासना झाली की प्रत्येक मूल पुढे येऊन आपली साक्ष देई, म्हणजे आपण कुठून आलो, आपलं कोण गेलं आणि देवाने आपल्याला इथे कसं आणलं. बहुतेक पोरं पाढे म्हटल्यासारखी म्हणून टाकत. ज्याला दोन-तीन वर्षांत दाता मिळत नसे त्याला लांबच्या दुसऱ्या संस्थेत पाठवत. गेल्या वर्षी दोघं गेली होती. मुंगीलाही अजून दाता नव्हता, म्हणून तिची साक्ष मावशीने स्वतः रचली. आपलं मरण आपणच रचायचं तर कंजुषी कशाला करा? खोकला घातला, हात धरणं घातलं, आणि शोभेल म्हणून शेवटी चर्चमागच्या दफनभूमीत आईची कबरही घातली.

त्या रविवारी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मुंगी खाली बघत बोलली, थांबायचं तिथे थांबली. मावशीने मनात तीन मोजले. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला, मग त्यांच्या नवऱ्याने चष्मा काढला. मावशीचा ऊर अभिमानाने भरून आला. बाकी कोणाचीच साक्ष अशी झाली नव्हती.

पंगत उठल्यावर मोठ्या बाई स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"मुंगीला दाते मिळाले."

"देवाची कृपा."

"ऐका पुढे. पहिल्या रांगेतल्या त्या जोडप्याला मूलबाळ नाही. ते तिला दत्तक घ्यायचं म्हणतायत. घरी नेणार, कायमची."

मावशीच्या हातातला डाव तसाच राहिला. "मी तिला इथे राहता यावं म्हणून शिकवलं होतं."

"जरा जास्तच चांगलं शिकवलंत."

"मी आई आहे तिची."

"मग सांगा त्यांना. बाहेरच बसलेत. ते विचारतील, बाकीच्यांचं तरी काय खरं? एकही दाता टिकणार नाही आणि इथे कुलूप लागेल. तुम्ही दोघी कुठेही जाल, पण उरलेल्यांना कुठे नेऊ ते मला सांगून जा."

मोठ्या बाई दुष्ट असत्या तर त्यांना शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण चाळीस पोरांपायी त्या बाईंनी स्वतःचं घर केलं नव्हतं.

मावशीने मुंगीला कोठीच्या खोलीत नेलं. "तुला जायचंय?" पोर नाही म्हणाली असती तर ती तडक बाहेर जाऊन सगळं सांगणार होती. मग कुलूप लागो नाहीतर आग लागो.

मुंगीने बराच विचार केला. "त्या बाई म्हणाल्या, त्यांच्या घरी मला वेगळी खोली आहे, मावशी. खिडकीवाली."

कागद व्हायला चार महिने लागले. कागदांवर आईच्या सहीची जागा होती, पण तिथे 'मयत' लिहिलेलं असल्याने कोणी काही विचारलं नाही.

न्यायच्या दिवशी मुंगी नवे बूट घालून गाडीजवळ उभी होती. पाहुण्या बाईंच्या हातात फुलं होती. त्या म्हणाल्या, "निघण्याआधी हिच्या आईच्या कबरीवर जाऊन येऊ या. त्या माउलीचा निरोप घेतल्याशिवाय हिला नेणं मला बरं वाटत नाही."

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. पण त्या कसलेल्या होत्या. "मावशी, तुम्हीच दाखवा. तुम्हाला जागा माहीत आहे."

मावशी पुढे चालू लागली. नावाच्या कबरी टाळत टाळत ती कडेला गेली आणि दगड नसलेल्या, गवत माजलेल्या एका उंचवट्यापाशी थांबली. "ही."

पाहुण्या बाईंनी फुलं मुंगीच्या हातात दिली. "आईशी बोल, बाळा. काय बोलायचं ते बोल."

मुंगी फुलं घेऊन उंचवट्याजवळ गेली. मावशी तिच्या मागेच उभी होती. आता ही वळेल आणि आपल्याला येऊन बिलगेल अशी तिला भीती वाटली, आणि बिलगावं असंही मनापासून वाटलं. मुंगी वळली नाही. तिने फुलं गवतावर ठेवली आणि मातीकडे बघून बोलली.

"आई, मी जाते. मी नीट वागेन." मग थोडं थांबून म्हणाली, "तू सगळ्यांना वाढतेस आणि स्वतः तशीच झोपतेस. तसं करू नको. वेळेवर जेवत जा."

पाहुण्या बाई हमसून रडू लागल्या. त्यांचा नवरा मोठ्या बाईंना हळूच म्हणाला, "गेलेलं माणूस जेवत नसतं, हे लहानांना कुठे कळतं?"

"नाही कळत," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी मान फिरवली.

गाडीत बसण्यापूर्वी मुंगीने सगळ्यांना हात जोडले, मावशीलाही. गाडी गेली. मावशी आत आली, तांदूळ धुतले, एकोणचाळीस पोरांना वाढलं, भांडी गोळा केली. मग तिने एक ताट पुसून घेतलं, त्यात भात वाढला आणि पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास उतरवत ती शेवटच्या शितापर्यंत जेवली.